घसरायचं कुठे, धरायचं कुठे : छोट्या गाडीच्या गिअर ऑइलचं शास्त्र

इंजिन ऑइल वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला बदलायचं, हे नामपूरच्या बाजारपेठेत गाडी उभी करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण त्याच बॉनेटखाली इंजिनाला खेटून बसलेल्या गिअरबॉक्समधलं ऑइल शेवटचं कधी बदललं, असं विचारलं तर बहुतेकांना आठवत नाही. एक मेस्त्री सांगतो, "भाऊ, गिअर ऑइलला काही होत नाही. गळत नसेल तर हात लावू नका." दुसरा सांगतो, "चाळीस हजाराला बदलाच, नाहीतर गिअर कडक होतील." तिसऱ्या गॅरेजात लालभडक, पातळ तेल भरताना दिसतं, तर चौथ्या ठिकाणी मधासारखं जाड.

यात चूक कोणाची? इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच उन्हात तापतात, एकाच रस्त्यावर धावतात. मग एकाचं तेल वर्षात काळंकुट्ट का होतं आणि दुसऱ्याचं कित्येक वर्षं का टिकतं? आणि टिकतच असेल, तर ते बदलायचं कशाला? या प्रश्नांची उत्तरं गिअरबॉक्सच्या आत तेल नेमकं काय काम करतं यात आहेत.

जळत नाही म्हणून टिकतं

इंजिनात इंधन जळतं. त्या ज्वलनातली काजळी, थोडं न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लं पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली तेलात उतरतात. इंजिन ऑइल काळं होतं ते यामुळे. गिअरबॉक्समध्ये काहीच जळत नाही. बंद पेटीत दात फिरतात, बेअरिंगं फिरतात आणि तेल त्यांच्यावर उडत राहतं. त्यामुळे हे तेल पुष्कळ जास्त टिकतं. पहिल्या मेस्त्रीच्या म्हणण्यात एवढं तथ्य आहे.

मात्र टिकणं म्हणजे अमर असणं नव्हे. हे तेल हळूहळू खराब होतं, त्याला तीन मुख्य कारणं आहेत.

पहिलं कारण धातूची झीज. दातांवरून आणि गिअर बदलायला मदत करणाऱ्या पितळी रिंगांवरून सुटलेला बारीक कीस तेलातच राहतो. हाताने गिअर टाकायच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला इंजिनासारखा ऑइल फिल्टर नसतो. काही ठिकाणी तळाच्या ड्रेन प्लगला लोहचुंबक बसवलेलं असतं. ते लोखंडी कीस पकडतं, पितळेचा पकडत नाही.

दुसरं कारण तेलाच्या रेणूंची तोडफोड. थंडीत फार घट्ट आणि उष्णतेत फार पातळ होऊ नये म्हणून तेलात लांबलचक साखळीचे रेणू मिसळलेले असतात. दातांच्या चिमटीत सापडून या साखळ्या तुटत जातात आणि तेलाचा जाडपणा कमी होतो.

तिसरं कारण उष्णता. तापलेलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी वाढलं की ही क्रिया जवळपास दुप्पट वेगाने होते. म्हणजे कायम २० अंश जास्त तापणाऱ्या तेलाचं आयुष्य साधारण पाव हिश्शावर येतं.

पेटीच्या आत

१९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून आपल्याकडे पुढची चाकं ओढणारी छोटी गाडी रूढ झाली. १९९८ ची टाटा इंडिकाही त्याच घडणीची. या गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, एकाच पेटीत असतात. या सगळ्याला मिळून साधारण दोन लिटर तेल पुरतं. काही गाड्यांत थोडं कमी, काहींत थोडं जास्त.

साध्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवायला सहसा पंप नसतो. तळाशी बुडालेले दात फिरताना तेल वर उडवतात आणि ते वरच्या शाफ्टवर व बेअरिंगांवर पडतं. अर्धा लिटर तेल गळून कमी झालं, तर खालचे दात तरीही भिजलेले राहतात, पण वरच्या बेअरिंगांपर्यंत पुरेसं तेल पोचत नाही. गाडी चालत राहते, गिअर पडत राहतात आणि वरची बेअरिंगं झिजत जातात. म्हणून या पेटीत तेल नवं की जुनं, याच्याही आधी पातळी बरोबर आहे का, हे पाहायचं.

दोन दात एकमेकांवर येतात तेव्हा ते लोळतातही आणि घासतातही. स्पर्शाच्या अगदी अरुंद रेषेवर प्रचंड दाब येतो आणि तेलाचा थर फाटू शकतो. ते निभावण्यासाठी गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाच्या पृष्ठभागाशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात. दातांऐवजी तो थर झिजतो. गिअर ऑइलच्या डब्याचं झाकण उघडताच जो उग्र वास येतो, तो या गंधकाचा.

तेलाने धरूही द्यायला हवं

इथपर्यंत तेलाचं काम सोपं वाटतं : जितकं निसरडं तितकं चांगलं. पण गिअरबॉक्समध्ये एक भाग असा आहे, ज्याला निसरडेपणा नको असतो.

चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढणारा माणूस उभ्या जागेवरून उडी मारत नाही. तो आधी ट्रॉलीबरोबर धावतो, वेग जुळला की कडं धरतो आणि मग चढतो. गिअर बदलताना अगदी हेच घडावं लागतं. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे, तर आधी त्यांची गती जुळायला हवी. हे काम सिंक्रोनायझर नावाची रिंग करते. साधारणपणे पितळेची असलेली ही रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो आणि मगच दात आत सरकतात. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाड्यांत ही सोय प्रथम आली. त्याआधी, आणि ट्रकवर तर पुढे कित्येक वर्षं, चालकाला दोनदा क्लच दाबून आणि मधे ॲक्सिलरेटर देऊन हा वेग स्वतःच जुळवावा लागे. जुने ट्रकचालक 'डबल क्लच' म्हणतात ते हेच.

आता तेलाची अडचण लक्षात येते. तेच तेल दातांमध्ये घसरू द्यायचं आहे आणि रिंगेखाली धरू द्यायचं आहे. तेल फार निसरडं झालं तर रिंग घसरते, वेग जुळत नाही आणि गिअर 'खर्रर्र' आवाज करत पडतो. कमी निसरडं झालं तर दात झिजतात. म्हणून गिअर ऑइलची निवड महाग-स्वस्त पाहून करता येत नाही. गिअरबॉक्स बनवणाऱ्याने त्यासाठी घर्षण किती ठरवलं आहे, त्यावर ती अवलंबून असते.

याचा एक पुरावा दुचाकीतही मिळतो. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडलेले असतात. कारचं जास्त निसरडं इंजिन ऑइल त्यात घातलं तर क्लच घसरू शकतो. म्हणूनच मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' असा वेगळा दर्जा छापलेला असतो.

डब्यावरचे आकडे

छोट्या गाडीच्या गिअर ऑइलच्या डब्यावर साधारण दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक '७५डब्ल्यू-८०' किंवा '७५डब्ल्यू-९०' यांसारखा आकडा आणि दुसरी 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' ही खूण.

आकडा जाडपणा सांगतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापल्यावरचा. ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांपर्यंत वाहतं राहण्याच्या कसोटीला उतरलेलं असतं, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत. आपल्याकडे इतकी थंडी नाही, पण निफाड भागात हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या आसपास येतो आणि बागलाणातही पहाट कडाक्याची असते. सकाळी पहिला-दुसरा गिअर कडक लागतो आणि चार-पाच किलोमीटरनंतर मऊ पडतो, तो तेल गरम होऊन पातळ झाल्यामुळे. मात्र दिवसभर गिअर कडकच राहिले, तर कारण दुसरं शोधावं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. ९० चं गिअर ऑइल ४० च्या इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही तेलं मोजण्याच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. तापल्यावर ९० चं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. आकडे असे मुद्दाम दूर ठेवले, ते एकाचा डबा दुसऱ्याच्या जागी जाऊ नये म्हणून.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची संयुगं जीएल-४ पेक्षा बरीच जास्त, साधारण दुप्पट असतात. हे तेल मुळात पिकअप, जीप, ट्रक यांच्या मागच्या एक्सलमधल्या दातांसाठी आहे, कारण तिथे दात एकमेकांवर फार घासतात. नामपूरसारख्या कांद्याच्या बाजारगावात पिकअप अगणित, त्यामुळे गॅरेजातही त्याच एक्सलच्या तेलाचा मोठा डबा उघडा असतो. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये त्यातलंच ओतलं जाण्याची शक्यता खूप. मग एक तर रिंग घसरते आणि काही तेलांमधली जास्तीची संयुगं तापल्यावर पितळेलाही खातात. नुकसान लगेच दिसत नाही. काही हजार किलोमीटरनंतर दुसरा-तिसरा गिअर कुरकुरू लागतो, तेव्हा तेल बदलल्याचंही कुणाला आठवत नसतं. गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल, तर जीएल-४ च भरावं.

ऑटोमॅटिक, पण कोणतं?

'ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल द्या' एवढं सांगून भागत नाही, कारण ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली मुख्यतः तीन निराळ्या रचना आपल्या रस्त्यांवर आहेत.

पहिली एएमटी. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे छोट्या गाड्यांत आली. हिचा गिअरबॉक्स हाताने बदलायच्या गिअरबॉक्ससारखाच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर सरकवण्याचं काम यंत्र करतं. त्यामुळे पेटीत साधं गिअर ऑइलच असतं. काही गाड्यांत गिअर सरकवणारं यंत्र तेलाच्या दाबावर चालतं आणि त्याची स्वतंत्र छोटी टाकी असते, काहींत विजेच्या मोटरवर. टाकीतलं तेल आणि पेटीतलं तेल वेगवेगळं. एकाच्या जागी दुसरं भरायचं नाही आणि टाकीची पातळीही कंपनीच्या पद्धतीनेच, दाब उतरवून पाहायची.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टरची. हिच्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेल असतं. इंजिनाने फिरणारं पात्यांचं चाक तेल जोराने फेकतं, ते समोरच्या चाकाच्या पात्यांवर आदळतं आणि त्याला फिरवतं. म्हणजे इथे तेलच शक्ती वाहून नेतं. शिवाय तेच तेल दाबाने झडपांमधून जाऊन गिअर बदलतं, आतल्या क्लचच्या चकत्यांना धरू देतं आणि उष्णताही बाहेर नेतं. चार कामं एकट्याने करणारं हे तेल पातळ असतं आणि गळती ओळखू यावी म्हणून बहुधा लाल रंगवलेलं असतं. त्याचं घर्षण इतकं काटेकोर ठेवावं लागतं, की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलाचा अंश वापरत. देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळाल्यावर रसायनतज्ज्ञांना त्याचे पर्याय शोधावे लागले.

तिसरी सीव्हीटी. हिच्यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यावर शेकडो पातळ पोलादी तुकड्यांचा पट्टा. पुल्या रुंद-अरुंद होतात आणि वेगाचं गुणोत्तर सलग बदलत जातं. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्यांची अशी छोटी गाडी आणली. पोलादी पट्टा त्यानंतरचा. पट्टा आणि पुली दोन्ही पोलादाचे, मध्ये तेलाचा अतिसूक्ष्म थर, आणि तरीही पट्टा घसरता कामा नये. इथे टॉर्क कन्व्हर्टरचं लाल तेल भरणं म्हणजे पट्टा आणि पुली दोन्ही गमावण्याची वेळ आणणं.

गाडीच्या नावावरून तेल ठरवता येत नाही, याचं चांगलं उदाहरण म्हणजे मारुती बलेनो. २०१५ मध्ये आलेल्या बलेनोच्या ऑटोमॅटिक प्रकारात सीव्हीटी होती. २०२२ च्या नव्या रूपात तिची जागा एएमटीने घेतली. नाव तेच, कंपनी तीच, तेल मात्र पूर्ण वेगळं.

नामपूरचा रस्ता आणि पुस्तिकेतली बारीक अक्षरं

गाडीच्या पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो आणि बहुधा त्याच्याजवळच बारीक अक्षरांत खडतर वापराची सूचना असते : धुळीचे रस्ते, कडक ऊन, वारंवार घाट, जास्त वजन, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या. अशा वापरात तेल लवकर तपासा किंवा बदला, असं ती सांगते. आपल्या मोसम खोऱ्यातल्या गाडीला ही सूचना जवळजवळ शब्दशः लागू पडते. मालेगाव परिसरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. ताहाराबादहून पिंपळनेरकडे जाताना शेलबारीचा घाट आहे, सप्तशृंग गडाला जायचं तर नांदुरीपासूनची चढण आहे, मुंबईला निघालं तर कसारा. कांद्याच्या हंगामात बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे गाडी मुंगीच्या पावलांनी चालवावी लागते.

या रांगेचा परिणाम प्रत्येक गिअरबॉक्सवर वेगळा होतो. हाताच्या गिअरच्या गाडीत आणि एएमटीत हाफ क्लचवर चालवल्याने क्लच प्लेट तापते, गिअर ऑइलला फारसा त्रास होत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मात्र आतल्या पात्यांच्या दोन चाकांच्या वेगातला फरक थेट तेलात उष्णता होऊन उतरतो. म्हणून पाच प्रवासी बसवून घाट चढणाऱ्या आणि रांगेत रांगणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टर वा सीव्हीटी गाडीचं तेल 'आयुष्यभरासाठी' भरलंय असं कुणी सांगितलं, तरी पुस्तिकेतला खडतर वापराचा तक्ता उघडून पाहावा.

पावसाळ्यात आणखी एक धोका. फरशी पुलावर पाणी असताना गाडी घातली, तर तापलेली पेटी अचानक थंड होते, आतली हवा आकसते आणि पेटीच्या श्वासनळीतून किंवा जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाणी मिसळलेलं तेल दुधाळ दिसतं आणि दातांना व बेअरिंगांना वाचवू शकत नाही. अशा वेळी किलोमीटर मोजत बसू नये, तेल लगेच बदलावं.

तपासायचं कसं

हाताच्या गिअरबॉक्सला सहसा डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागी, सुरक्षित रॅम्पवर किंवा पिटवर घ्यायची आणि पेटीच्या बाजूचा लेव्हल प्लग उघडायचा. तेल त्या भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असलं म्हणजे पातळी बरोबर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. तिरक्या उभ्या गाडीत पातळीही चुकीचीच दिसते.

बदलायचं असेल तर थोडी गाडी चालवून तेल कोमट करावं, म्हणजे कीस तेलाबरोबर वाहून येतो. आधी भरण्याचा प्लग उघडून पाहावा आणि मगच ड्रेन प्लग सोडावा. नाहीतर तेल काढून झाल्यावर वरचा प्लग जाम असल्याचं कळतं आणि गाडी जागेवर अडकते. चुंबकावर राखाडी चिखलासारखा लेप असेल तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा दातांचे तुकडे मिळाले तर नवं तेल भरून प्रश्न मिटत नाही, पेटी उघडावी लागते. प्लगचा वायसर नवा घालावा. पुढच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट पेटीतून बाहेर पडतात, त्या जागी तेलकट धूळ साचलेली दिसली तर ऑइल सील गळत आहे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत पद्धत निराळी. तिथे पातळी बहुधा इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर पाहतात. तेल जास्त झालं तर फिरत्या भागांनी त्याचा फेस होतो आणि दाब पडतो, म्हणून 'थोडं वर राहू द्या' इथे चालत नाही. एकदा ड्रेन केल्यावर सगळं तेल निघत नाही, बराच भाग कन्व्हर्टरमध्येच राहतो. करपट वास आणि तपकिरी रंग ही तेल जळल्याची लक्षणं. साध्या गिअर ऑइलला मात्र वास मुळातच उग्र असतो, त्यामुळे ही कसोटी तिथे लावू नये.

---

थोडक्यात

• आधी गिअरबॉक्स ओळखा : हाताचा, एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर की सीव्हीटी.
• पुस्तिकेतला आकडा आणि दर्जा दोन्ही जुळवा. जीएल-४ च्या जागी एक्सलचं जीएल-५ नको.
• हाताच्या गिअरचं तेल छोट्या गाड्यांत साधारण ४०,००० ते ८०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगतात. नेमका आकडा पुस्तिकेतला धरा, धूळ-घाट-ऊन असेल तर आधीचा.
• दर सर्व्हिसिंगला गळती पाहा. पातळी कमी असणं जुन्या तेलापेक्षा घातक.
• पाण्यातून गाडी गेली आणि तेल दुधाळ दिसलं, तर लगेच बदला.
• रंगावरून तेल ठरवू नका. डब्यावरचं वाचा.
• तारीख, किलोमीटर आणि तेलाचं नाव सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.

---

काढलेल्या तेलाची जबाबदारी

गिअरबॉक्समधून काढलेलं तेल गटारात किंवा बांधावर ओतण्याची सवय आपल्याकडे आहे. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल फासण्याचीही आहे. या तेलात धातूचा कीस आणि गंधकाची संयुगं असतात. आपल्या खोऱ्यात विहिरीच्या पाण्यावर कांदा आणि डाळिंब उभं असतं आणि पिण्याचं पाणीही अनेक ठिकाणी त्याच जमिनीतून येतं. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवं. गॅरेज ते साठवून कुणाला देतं, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

मेस्त्री बदलला की सल्ला बदलतो, कारण प्रत्येकाच्या हाताखालून गेलेल्या गाड्या वेगळ्या. आपल्या गाडीचं उत्तर आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचं मॉडेल, वर्ष आणि गिअरबॉक्सचा प्रकार सांगून तेलाचा दर्जा लिहून घ्यावा आणि तो कागद गाडीतच ठेवावा. पुढच्या वेळी ज्या कुणाच्या गॅरेजात गाडी जाईल, त्याच्या हाती तो आधी द्यावा, पाना मग.